आकाशाने दिलेला आकडा, माणसांनी ठरवलेला आकडा

मोबाइलमधल्या नकाशावर पुणे शहरावर बोट ठेवले की दोन आकडे दिसतात : १८.५२ आणि ७३.८६. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. हेच आकडे उलट क्रमाने टाकले, तर नकाशा आपल्याला नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या गोठवणाऱ्या समुद्रात नेऊन सोडतो. क्रम महत्त्वाचा आहे, हे त्यावरून कळते. पण हे दोन आकडे मुळातच वेगळ्या जातीचे आहेत, हे मात्र कळत नाही. शाळेत ते जोडीने शिकवले जातात : पृथ्वीगोलावर आडव्या रेषा काढा, उभ्या रेषा काढा, त्या जिथे छेदतात तिथे तुमचे गाव. माझे म्हणणे असे की ही जोडी दिसते तितकी समान नाही. अक्षांश पृथ्वीच्या फिरण्यातूनच ठरतो आणि तो एकट्या माणसाला, कोणालाही न विचारता, आकाशाकडे पाहून काढता येतो. रेखांश म्हणजे दोन ठिकाणांच्या वेळांमधला फरक. तो काढायचा तर दुसऱ्या ठिकाणी या क्षणाला किती वाजले आहेत ते कळावे लागते, आणि मोजणी कुठून सुरू करायची हे माणसांनी आपसात ठरवावे लागते. नकाशाशास्त्राच्या इतिहासातल्या बहुतेक अडचणी, भांडणे आणि तडजोडी या दुसऱ्या आकड्याभोवतीच का घडल्या, याचे उत्तर याच फरकात आहे.

आधी अक्षांश पाहू. फिरणाऱ्या भोवऱ्यावर दोन जागा आपोआप वेगळ्या ठरतात : खालची आर आणि वरचे टोक. या दोन्हींपासून सारख्या अंतरावर असलेला मधला घेरही ठरतो. पण भोवऱ्याच्या अंगावर वरून खाली ओढलेल्या रेघांपैकी कोणती पहिली, हे सांगायला भोवऱ्यात काहीच नसते. पृथ्वीचे तसेच आहे. ती फिरते म्हणून तिला ध्रुव आहेत, ध्रुव आहेत म्हणून विषुववृत्त आहे, आणि विषुववृत्तापासून आपण किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, तो आपला अक्षांश. हा आकडा आकाशात उघड दिसतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला उत्तर अक्षांश. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या अंशाच्या दोन तृतीयांशाइतका बाजूला आहे, त्यामुळे उत्तर काटेकोर येत नाही, पण जवळपासचे येते. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते. कोल्हापुरातून ध्रुवतारा पावणेदोन मुठींहून किंचित खाली दिसतो, नागपुरातून दोन मुठींच्या थोडा वर. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि हे अंतर विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत जवळजवळ सारखेच राहते.

सूर्यही हेच सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास येतो, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी, नागपुरात २६ मेच्या आसपास. सूर्य जसजसा उत्तरेकडे सरकतो तसतसा हा दिवस एकेका अक्षांशावरून पुढे जातो. म्हणजे तुमच्या गावी सावली कोणत्या तारखेला नाहीशी झाली एवढे सांगितले, तरी तुमचे गाव उत्तर-दक्षिण दिशेत कुठे आहे ते कळते. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात यासाठी बारा अंगुळांचा शंकू वापरत. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, मध्यान्हीला त्याची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा जवळजवळ चार अंगुळे येते, उज्जैनची पाचाहून थोडी जास्त. एक काठी, एक सपाट अंगण आणि योग्य दिवस, एवढ्या साहित्यावर गावाचा अक्षांश हाती येत असे. अरबी समुद्रातले नाखुदा तर काठीही वापरत नसत. कमाल नावाची लाकडाची छोटी फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी त्यांना पुरे. दोरीची गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला लावायची. आपल्या बंदराची गाठ जुळली की त्याच उंचीवर ध्रुवतारा ठेवून पूर्वेला किंवा पश्चिमेला जहाज हाकायचे. किनारा कधीतरी लागणार हे नक्की. कधी, ते मात्र त्या फळीला सांगता येत नसे.

कारण ‘कधी’ आणि ‘किती पूर्वेला’ हा एकच प्रश्न आहे. संकष्टी चतुर्थीला दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. नागपूरकरांचा उपास मुंबईकरांपेक्षा साधारण वीस-पंचवीस मिनिटे आधी सुटतो. यात थोडा हात अक्षांशाचा असतो, पण मुख्य कारण रेखांश. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटे झालेली असतात, तर गडचिरोलीत बारा वाजून दहाच मिनिटे. एकाच राज्यात, एकाच घड्याळावर, दुपार होण्यात अर्ध्या तासाच्या आसपास अंतर! गडचिरोलीच्या शाळेची घंटा मुंबईच्या वेळेला होत असेल, तर तिथल्या मुलाचा सूर्य अर्धा तास पुढे गेलेला असतो. नकाशावरची उभी रेषा पाहताना ती घड्याळाचा काटा म्हणून पाहिली, तर हे सगळे एका नजरेत दिसते.

यावर दोन आक्षेप घेता येतील, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की अक्षांशातही माणसाने ठरवलेले बरेच आहे : पाव वर्तुळाचे नव्वद भाग करायचे हे कोणी ठरवले? शून्य विषुववृत्तावरच का, ध्रुवावर का नाही? खरे आहे. भाग किती करायचे ही आपली सोय, आणि ध्रुवापासूनही मोजता आले असते. पण शून्य धरण्यासारख्या नैसर्गिक जागा इथे मोजक्याच आहेत, आणि कोणत्याही देशातल्या, कोणत्याही काळातल्या निरीक्षकाला त्याच सापडतील. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. मुंबई आणि गडचिरोली यांच्यातला सात अंशांचा फरक हाही निसर्गाचाच आहे ना? शून्य लंडनला धरा, उज्जैनला धरा किंवा कोल्हापूरला, हा फरक बदलत नाही. हेही कबूल. म्हणून माझे विधान थोडे आवळून घेतो : दोन गावांमधला रेखांशाचा फरक निसर्गातच आहे, पण तो एका गावात बसून दिसत नाही. आपल्या अंगणातला सूर्य आपली वेळ सांगतो. दुसऱ्याच्या अंगणात त्याच क्षणी किती वाजले, ते तो सांगत नाही. तो निरोप कुठून तरी मिळवावा लागतो.

हा निरोप मिळवण्याच्या युक्त्यांमध्ये मानवी बुद्धीची जी कमाई आहे, ती मला भूगोलातला सर्वांत सुंदर भाग वाटते. सर्वांत जुनी युक्ती चंद्रग्रहणाची. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तो क्षण ज्यांना ज्यांना चंद्र दिसतो त्या सर्वांसाठी एकच असतो; प्रत्येकाने आपापल्या स्थानिक वेळेची नोंद ठेवली, की नोंदींमधला फरक हाच रेखांशातला फरक. ‘सूर्यसिद्धान्ता’त लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्राजवळून जाणारी मध्यरेषा मानली आहे आणि त्या रेषेसाठी गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ व प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांच्या फरकावरून देशांतर, म्हणजे मध्यरेषेपासूनचा रेखांशातला फरक, काढायची रीत दिली आहे. तत्त्व अगदी निर्दोष. अडचण अशी की सावलीची कड पुसट असते, तिच्या स्पर्शाचा क्षण पकडताना मिनिटे निसटतात, आणि चार मिनिटे चुकली की आपल्या अक्षांशावर शंभराहून अधिक किलोमीटर चुकतात. शिवाय ग्रहण रोज होत नाही. दुर्बीण आल्यावर गुरूच्या चंद्रांची ग्रहणे हाताशी आली. ती वारंवार घडतात आणि त्यांची वेळ आधी वर्तवता येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच ज्योतिर्विदांनी या पद्धतीने आपल्या देशाचा किनारा पुन्हा मोजला, तेव्हा पश्चिम किनारा जुन्या नकाशांपेक्षा बराच पूर्वेला सरकला आणि नकाशावरचा फ्रान्स लहान झाला. अक्षांशांची जुनी मापे त्या मानाने बरी होती. फसवले होते रेखांशांनी.

जमिनीवर दुर्बीण स्थिर ठेवता येते, हेलकावणाऱ्या जहाजावर नाही. १७०७ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजे फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. त्या ताफ्याच्या नोंदवह्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा अक्षांशातही चुका आढळल्या, त्यामुळे सगळे खापर रेखांशावर फोडणे रास्त नाही. पण त्या दुर्घटनेने प्रश्नाची निकड लोकांपुढे आली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. अर्धा अंश म्हणजे वेळेत दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळाची चूक एवढ्यात राहायची, तर दिवसाला तीन सेकंदांच्या आत राहायला हवी, तीही थंडी-उष्णता, दमट हवा आणि लाटा सोसून. जॉन हॅरिसन या सुताराने आयुष्य खर्चून तसे घड्याळ बनवले. त्याचे चौथे घड्याळ, जेमतेम तेरा सेंटिमीटर व्यासाचे, १७६१ च्या अखेरीस जमैकाला निघाले आणि पोहोचल्यावर त्याची चूक, त्याची ठरलेली दैनंदिन गती हिशेबात धरून, सुमारे पाच सेकंद भरली. कोणी म्हणेल, घड्याळाशिवायही काम होत होते. चंद्राचे ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून खलाशी कित्येक दशके रेखांश काढत होते. होत होते, आणि महागड्या घड्याळांपेक्षा ते स्वस्तही पडे. पण ती पद्धतही घड्याळाचीच आहे : ताऱ्यांच्या तबकडीवर चंद्राचा काटा कुठे आहे हे वाचायचे आणि ग्रीनिचला किती वाजले ते काढायचे. त्यासाठी लागणारी कोष्टके १७६७ पासून ब्रिटिश नाविक पंचांगात ग्रीनिचच्या वेळेने छापली जात. जगभरच्या खलाशांच्या हातात ती कोष्टके गेली आणि त्यांच्याबरोबर ग्रीनिचचे शून्यही गेले.

भारताच्या मोजणीत या दोन आकड्यांमधला फरक फार स्पष्ट दिसतो. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत सर्वेक्षण पुढे हिमालयापर्यंत गेले. त्या काळातले ते जगातल्या सर्वांत काटेकोर कामांपैकी एक. या कामाचे सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेपासून मोजलेले होते, आणि मद्रास ग्रीनिचपासून किती पूर्वेला हे गुरूच्या चंद्रांसारख्या आकाशातल्या घड्याळांवरून काढलेले होते. पुढे तारायंत्राने वेळेचा निरोप क्षणात पाठवता येऊ लागला, तेव्हा कळले की मद्रासचा आकडा कोनाच्या सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरला गेला होता. जमिनीवर हे अंतर सुमारे साडेचार किलोमीटर भरते. गावागावांमधली अंतरे बरोबर, डोंगरांची ठिकाणे बरोबर, अक्षांश बरोबर, आणि अख्खा देश मात्र साडेचार किलोमीटर पूर्वेला सरकलेला! जुन्या सर्वेक्षण नकाशांवर या दुरुस्तीची टीप छापावी लागे. इतक्या कसलेल्या माणसांचे दहा सेकंद चुकले होते, आणि तेही फक्त दुसऱ्याच्या घड्याळाबाबत.

शून्य कुठे धरायचे हा प्रश्न मात्र मोजणीने सुटणारा नव्हताच. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांची परिषद भरली. ग्रीनिचच्या बाजूने बावीस देशांनी मत दिले, सान डोमिंगोने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सची नाराजी इतकी की १९११ साली त्याने कायदा केला तेव्हा राष्ट्रीय वेळेची व्याख्या ‘पॅरिसच्या सरासरी वेळेपेक्षा नऊ मिनिटे एकवीस सेकंद मागे’ अशी केली, ग्रीनिचचे नाव टाळून. आपल्याकडेही विचारले जाते : मध्यरेषा उज्जैनची होती, मग आपण ग्रीनिच का मानायचे? या प्रश्नामागची भावना समजण्यासारखी आहे, आणि साम्राज्याच्या बळाचा त्या मतदानात वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी जगातल्या सुमारे ७२ टक्के जहाज वाहतुकीचे नकाशे ग्रीनिचपासून मोजलेले होते. शून्य हलवले असते तर ते सगळे बदलावे लागले असते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ग्रीनिचच्या बरोबर पाठीमागची १८० अंशांची रेषा जवळपास सगळी प्रशांत महासागरातून जाते, म्हणून वाररेषा तिथे ठेवणे सोपे गेले; सैबेरियाचे टोक, अल्यूशियन बेटे, फिजी अशा थोड्या ठिकाणी तिला वळवले की भागले. उज्जैनच्या पाठीमागची रेषा अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या जवळून आणि मेक्सिकोतून जाते. वाररेषा दुसरीकडे ठेवता आली असती, पण मग शून्य आणि वार यांची सांगड सुटली असती. निसर्गाने पसंती दिलेली नसताना सोयीच्या बाजूने झालेला हा करार होता, आणि करार म्हणूनच तो टिकला.

करार लादला गेला की काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ आणू पाहिली, तेव्हा शहराने ती स्वीकारली नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत चालू राहिला. त्यात राजकारण होते, परक्या सत्तेवरचा राग होता. पण लोक ज्याला चिकटून होते तो त्यांच्या शहराचा रेखांशच होता, भले त्यांनी त्याला ते नाव दिले नसेल. अक्षांशासाठी कुठे अशी चळवळ झाल्याचे कोणी ऐकले नाही, कारण तो बदलणे कोणाच्या हातात नव्हते.

आता शेवटचा आणि सर्वांत रोकडा आक्षेप. उपग्रह काही सेकंदांत दोन्ही आकडे देतात, तेही काही मीटरच्या आत. मग हा जुना फरक कशाला उगाळायचा? कारण उपग्रह जे करतात तेही वेळेचेच काम आहे. प्रत्येक उपग्रह आपली अणुघड्याळातली वेळ पाठवत असतो आणि आपला मोबाइल संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. सेकंदाचा दहालाखावा भाग चुकला तर ३०० मीटर चुकतात. सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार जीपीएसच्या उपग्रहांची घड्याळे दिवसाला सेकंदाच्या ३८ दशलक्षांशांनी पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल. भारताच्या ‘नाविक’ या उपग्रह-स्थाननिश्चिती प्रणालीतला २०१३ साली सोडलेला पहिला उपग्रह यासाठी आठवावा. त्यावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे बिघडली आणि उपग्रह कक्षेत असूनही स्थान सांगण्याच्या कामी उरला नाही. इथे एक मान्य करायला हवे : या पद्धतीत अक्षांशही वेळेतूनच निघतो, म्हणजे काढण्याच्या रीतीत दोघांमधला जुना भेद मिटला. करार मात्र मिटलेला नाही. ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या प्रसिद्ध रेषेवर मोबाइल धरला तर तो शून्य दाखवत नाही. आजचे शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. जुनी रेषा स्थानिक ओळंब्यावर बेतलेली होती आणि ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे अगदी तंतोतंत रोखलेला नसतो; उपग्रहांची मोजणी पृथ्वीच्या मध्यापासून होते.

शाळांना हे सगळे हाताने करून दाखवता येईल. समजा, अलिबागच्या आणि गडचिरोलीच्या एकेका शाळेने डिसेंबरातला एकच स्वच्छ दिवस निवडला. दोघींनी सपाट जमिनीवर ओळंब्यात काठी उभी करायची, तिच्याभोवती वर्तुळ आखायचे, आणि सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरताना व दुपारी बाहेर पडताना मोबाइलवरची वेळ लिहून ठेवायची. दोन वेळांचा मध्य म्हणजे त्या गावचा मध्यान्ह. सूर्य वर्षभरात घड्याळाच्या पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत मागेपुढे होत असतो, पण दिवस एकच असल्याने ती भानगड दोन्हीकडे सारखी राहते आणि वजाबाकीत निघून जाते. दोन्ही मध्यान्हांत सुमारे साडेअठ्ठावीस मिनिटांचा फरक यायला हवा. त्याला चाराने भागले की सात अंशांहून थोडा जास्त रेखांश. दोन मिनिटांची चूक झाली तर उत्तर अर्ध्या अंशाने हलेल, म्हणजे १७१४ च्या बक्षिसाइतक्याच मर्यादेत शाळेतली मुले राहतील. मग हाच प्रयोग त्यांना आणखी एकदा करायला सांगावा : या वेळी मोबाइल बाजूला ठेवून, आदल्या दिवशीच्या आपापल्या मध्यान्हाला बारा वाजवून घेतलेल्या घड्याळांवर. दोन्ही शाळांच्या वहीत मध्यान्हाची वेळ बाराच्या आसपास येईल, आणि सात अंश कुठे गेले हे शोधायला मुलांना एकमेकांशी बोलावे लागेल.